सार्जंटची नदी

गेडिसाला दिशा कशी कळते हे त्याचं त्यालाही सांगता येत नसे. तो हुऑन आखाताच्या किनाऱ्यावरचा, पायांनी चालायच्या आधी होडीत बसलेला. गाढ झोपेत त्याच्या कानाशी जाऊन "सार्जंट, उत्तर कुठे?" असं विचारलं तरी हात बरोबर दिशेला उठतो, असं तुकडीतले लोक सांगत, आणि दोघातिघांनी ते करूनही पाहिलं होतं. पापुआ न्यू गिनीच्या सैन्यात बावीस वर्षं तो हेलिकॉप्टरच्या मागच्या भागात बसला. पुढे वैमानिक, मागे उघड्या दारात पट्ट्यानं बांधलेला गेडिसा. मांडीवर नकाशा, मनगटावर घड्याळ, कानाला हेडफोन.

त्यांचं निम्मं काम पश्चिमेच्या सरहद्दीवर असे. नकाशावर ही सरहद्द म्हणजे पट्टीनं मारलेली उभी रेघ. खाली बघावं तर रेघ नाही की काही नाही; सगळीकडे सारखंच जंगल, त्यावर ढग, आणि दिवसभर चालावं तेव्हा कुठे एखादा सिमेंटचा खांब, तोही वेलींनी गिळलेला. तिथे होकायंत्रापेक्षा नद्या कामाला येतात. ढगाखालून पाणी धरायचं, घड्याळ बघत संगम मोजायचे, आणि कुठलं पाणी सोडून कुठलं धरायचं ते मागच्यानं पुढच्याला सांगायचं. "डावं पाणी सोडा. तीन मिनिटांनी धबधबा. धबधब्यानंतर ओक फेन." त्या डोंगरात ओक म्हणजे पाणी. गेडिसा सांगे आणि वैमानिक वळे. बावीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

एका नदीचं नाव मात्र त्यानं लग्नानंतर तोंडातून काढलं नव्हतं.

सरहद्दीचे खांब रोवायचं काम चाललं होतं तेव्हा गेडिसा पंचविशीचा होता. हेलिकॉप्टरनं सिमेंट न्यायचं आणि यापसिन गावच्या माणसांनी ते पाठीवरून खांबाच्या जागेपर्यंत वाहायचं. त्या हमालांत एक ठेंगणा, फार कमी बोलणारा माणूस होता. आईनं त्याला भर पुरात नदीकाठी जन्म दिला, म्हणून त्या नदीचंच नाव त्याला ठेवलेलं. त्याची मुलगी कुफेम बापासाठी तारोचे भाजलेले कंद घेऊन यायची. पुढचं सांगायला नको. वर्षभरात गेडिसानं डुकरं आणि शिंपल्यांच्या माळा पोचत्या केल्या, कुफेमला घरी आणली, आणि सासऱ्याचं नाव त्याच्या जिभेला कायमचं बंद झालं.

सासरच्या माणसाला तिकडे तांबू म्हणतात आणि त्याच्या नावावरच्या बंदीलाही तांबूच. नाव घेतलं तर दात पडतात, असं गेडिसाची आई सांगे. दातांचं एक वेळ परवडलं. पण सासरचे तोंड फिरवतात, आणि तोंड फिरवलेल्या सासरी माणसानं जावं कसं? नवऱ्याचं नाव कितीतरी आडवळणं घेऊन सांगणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजेल. तर गेडिसाचा मान ठेवून आपणही तूर्त त्या नदीचं नाव घेऊ नये.

जुन्या वैमानिकांना हे ठाऊक होतं. मेजर तौकुरो तर मुद्दाम छेड काढायचे.

"काय सार्जंट, आज तुझ्या सासऱ्याच्या अंगावरून जायचंय का?"

"हो साहेब. जरा जपून. वर आवाज झालेला त्यांना आवडत नाही."

हळूहळू तुकडीतले सगळेच तिला 'सार्जंटची नदी' म्हणू लागले. कामाच्या फळ्यावरही खडूनं तसंच लिहिलं जाई. छापील नकाशावर तेवढं खरं नाव होतं, आणि गेडिसा त्या ठिकाणी बोट ठेवून गप्प बसे. चालून जात होतं.

मग मेजर तौकुरो निवृत्त झाले आणि कॅप्टन पोमात आला. सव्वीस वर्षांचा, मानूस बेटाच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा बेटावरचा. त्या बेटावरचा हा पहिलाच वैमानिक. त्याचा गणवेशातला फोटो त्याच्या आईनं चर्चमध्ये लावून घेतला होता म्हणतात. हात हलका, वागणं सरळ. मोठ्या माणसाला मान देऊन बोलायचा. गेडिसाला तो आवडला. सासऱ्याची गोष्ट आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता राहून गेली.

त्या दिवशी सरहद्दीच्या चौकीवर तांदूळ आणि बिनतारी यंत्राची बॅटरी पोचवायची होती. दुसरा वैमानिक हिवतापानं झोपला होता, म्हणून पुढे पोमात एकटाच. आणि मागे, पोत्यांच्या बाजूला, गेडिसाच्या गुडघ्याला गुडघा लावून त्याचा मेव्हणा बसलेला. कुफेमचा धाकटा भाऊ. इस्पितळातून बरा होऊन गावी चालला होता. गेडिसानंच पोमातला विचारून त्याला घेतलं होतं, आणि पहिल्यांदाच उडतोय म्हणून कौतुकानं त्याच्या कानाला हेडफोनही लावून दिला होता.

तीन पाण्यांचा संगम आहे तिथपर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे ढग उतरले. चारी बाजूंनी डोंगर, मधे परातीएवढी मोकळी जागा, आणि पोमात त्या जागेत गोल गोल घिरट्या घालू लागला. गोल फिरणाऱ्याचं डावं-उजवं क्षणाक्षणाला बदलतं. एका दरीचं तोंड दिसे, ते झाकलं की दुसरीचं उघडे.

"सार्जंट, कुठली धरू?"

"मधलं पाणी, कॅप्टन."

"मधलं म्हणजे? मला दोनच दिसतायत. नाव सांगा, माझ्यासमोर नकाशा आहे."

गेडिसानं नकाशावर बोट ठेवलं. पण बोट हेडफोनमधून दिसत नाही. समोर मेव्हणा त्याच्याकडेच बघत होता.

"मोठ्या दगडाचं पाणी."

"दगड दोन्हीकडे आहेत. नाव, सार्जंट."

"ते... आपलं नेहमीचं, कॅप्टन."

"अहो, मी इथे नेहमी येत नाही. नाव सांगा ना."

तीनदा विचारलं. होकायंत्राचे अंश सांगता आले असते. 'आता नाकासमोर आहे ते सोडा' असं म्हणता आलं असतं. मेव्हण्याच्या कानावरचा हेडफोन उपटून काढता आला असता. असे दहा उपाय गेडिसाला आज पाठ आहेत. त्या घटकेला एकही सुचला नाही. नाव जिभेशी येऊन अडलं आणि त्याच्यामागे बाकीचे सगळे शब्दही तुंबले.

"बरं, हीच असणार," पोमात म्हणाला, आणि त्यानं दरी धरली.

अर्ध्या मिनिटात गेडिसाला कळलं. खालचं पाणी दुधासारखं पांढरं होतं, चुनखडीचं. ओक फेन. सासऱ्याच्या नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. तेव्हाच सांगितलं असतं तर वळायला जागा होती. पण वळलो की पुन्हा तोच संगम, पुन्हा तोच प्रश्न, आणि समोर हा मेव्हणा. पुढे खिंड असेल, खिंडीतून उजवीकडे सरकता येईल, असं मनाशी जुळवत तो आणखी एक मिनिट गप्प बसला. ते मिनिट त्याच्या सगळ्या आयुष्यात त्याला सगळ्यात लांब वाटतं.

"कॅप्टन, ही ती नव्हे. ही ओक फेन."

"आता सांगताय?"

कडे जवळ आले होते. मागे ढगांनी दार लावून घेतलं होतं. पोमातनं यंत्र उभं चढवलं, खिंड ओलांडली, आणि पलीकडे उघडीप दिसली तेव्हा इंधनाचा काटा खाली आलेला. पत्र्याची चार छपरं आणि मधे गवताचं मैदान दिसलं. पोमातनं तिथे उतरवलं. काठीवरचा झेंडा आपला नाही हे पंखे थांबल्यावर लक्षात आलं.

इंडोनेशियाच्या त्या चौकीतल्या लोकांनी त्यांना वाईट वागवलं असं गेडिसा कधीच म्हणाला नाही. लवंगेचा वास येणाऱ्या सिगारेटी दिल्या, गोड कॉफी दिली, रोज भात दिला. फोटो काढले. दोन्हीकडच्या मोठ्या लोकांची बोलणी झाली. नऊ दिवसांनी तिघांना आणि हेलिकॉप्टरला परत धाडलं. तोवर घरच्या वर्तमानपत्रांत पोमातचं नाव छापून आलं होतं.

चौकशीला तीन अधिकारी बसले होते. मेव्हणा साधा गावकरी, त्याला कोणी बोलावलं नाही. खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यावर शंख ठेवले होते. गेडिसाला ते शंख अजून आठवतात, कारण सगळा वेळ तो त्यांच्याकडेच बघत होता.

"सार्जंट, बावीस वर्षं तुम्ही या भागात उडताय. दरी चुकली कशी?"

आता बोलायचं. सासऱ्याचं नाव मला घेता येत नाही म्हणून चुकली, एवढंच म्हणायचं. नाव घ्यायचीसुद्धा गरज नव्हती. पण हे तिघं हसतील, असं गेडिसाला वाटलं. बावीस वर्षांचा सार्जंट आणि नदीचं नाव सांगता येत नाही; उद्या सगळ्या छावणीत हेच. शिवाय निवृत्ती दोन वर्षांवर आली होती.

"ढग होते, साहेब. कॅप्टननी डावी दरी घेतली."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

"तुम्ही त्यांना सावध केलंत?"

शेवटी पलीकडच्या खुर्चीवरून पोमात म्हणाला, "केलं होतं, साहेब. दरी मी घेतली. जबाबदारी माझी."

बोलताना त्यानं गेडिसाकडे पाहिलं, बराच वेळ. गेडिसानं शंखाकडे पाहिलं.

पोमातचं उडणं बंद झालं. त्याला भांडारात बूट आणि घोंगड्या मोजायला बसवलं. सहा महिन्यांत त्यानं नोकरी सोडली आणि बेटावर निघून गेला. जायच्या दिवशी तो सगळ्यांचा निरोप घेत हिंडला, तेव्हा गेडिसा हेलिकॉप्टरच्या पोटाखाली शिरून तेल पुसत बसला होता. पुसण्यासारखं तेल तिथे नव्हतं. पोमातचे बूट जवळ येऊन थांबले, जरा वेळ तिथेच राहिले, मग गेले. गेडिसा खालून बूट बघत राहिला. शरम शरम म्हणतात ती पोटात नसते, मानेत असते, असं त्याला त्या दिवशी समजलं. मान वर येतच नव्हती.

कुफेमला त्यानं काही सांगितलं नाही. ती विचारी, "जेवण का जात नाही तुम्हाला?" तो म्हणे, "वय झालं." खाई त्याला खवखवे म्हणतात, याला खाता येईना आणि खवखव तर थांबेना.

वर्षभरानं नाताळात दोघं यापसिनला गेली. धावपट्टीवरून गावात पोचतात तो सगळं गाव जमलेलं. तापलेल्या दगडांवर पानांखाली डुक्कर शिजत होतं. लहान नव्हे, चांगलं सुळे आलेलं डुक्कर.

"कुणासाठी हे?" गेडिसानं विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? तुमच्यासाठी, दाजी," मेव्हणा म्हणाला. मग तो लोकांकडे वळला आणि त्यानं सगळी कथा हातवारे करून सांगितली. ती त्यानं आधी पन्नासदा सांगितली असणार, कारण बायका पुढचे शब्द आधीच पुटपुटत होत्या. "कॅप्टन ओरडतोय, नाव सांग. एकदा ओरडला. दोनदा ओरडला. तीनदा ओरडला. खाली मरण, वर ढग. पण आमच्या दाजींनी बाबांचं नाव घेतलं? दुसऱ्या देशाच्या लोकांनी धरून नेलं, पण नाव नाही घेतलं. किनाऱ्यावरच्या माणसाला रीत कळत नाही म्हणता ना? हे बघा, असा जावई दाखवा."

पोमात ओरडला नव्हता. गेडिसाला ते सांगायचं होतं. त्याच्या हातात केळीच्या पानावर पाठीचं, चरबीचं मानाचं मांस ठेवलं गेलं. लोक बघत होते, म्हणून त्यानं ते खाल्लं. इतकं कडू त्यानं आयुष्यात काही खाल्लं नव्हतं, आणि मांस तर उत्तम शिजलेलं.

सासरा शेजारी बसला होता. म्हातारा आता आणखी ठेंगणा झाला होता. त्यानं सावकाश विचारलं, "आणि त्या पोराचं काय झालं?"

"कुठल्या?"

"जो तीनदा विचारत होता."

गेडिसानं सांगितलं. फोटो, चर्च, बूट, घोंगड्या, सगळं. चौकशीत आपण काय बोललो तेही सांगितलं. सगळ्यात मोठ्या माणसाला सगळ्यात आधी सांगून टाकावं, तसं ते आपोआप बाहेर आलं. म्हाताऱ्यानं हातातलं मांस पानावर ठेवून दिलं आणि पान बाजूला सारलं.

"हे डुक्कर मी मारायला नको होतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेडिसाला नदीवर घेऊन गेला. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी दगडांमधून वाहत होतं. म्हाताऱ्यानं ओंजळीत पाणी घेऊन जावयाच्या तोंडावरून फिरवलं आणि म्हणाला, "नाव माझं आहे. बांधायचं मी, सोडायचं मी. मी सोडलं. त्या पोराला जाऊन सांग, तो काय विचारत होता ते. मेव्हण्याची काळजी करू नकोस, त्याला मी बघतो. फार बोलतो तो."

गेडिसाला फार हलकं वाटलं. ते नाव म्हणजे पोमातला द्यायची वस्तू आहे, ती आता आपल्याकडे आली आहे, नेऊन दिली की फिटलं, असं त्याच्या मनानं घेतलं. सुट्टी शिल्लक होती. तो जहाजानं मानूसला गेला. तीन दिवसांच्या प्रवासात तो डेकवर उभा राहून हळू आवाजात नाव म्हणून बघे. पहिल्यांदा अर्धंच निघालं. मग जमू लागलं.

लोरेंगाव बंदरावर पोमात सहज सापडला. तो आता मोटरच्या होडीतून बेटांवर माणसं सोडत असे. होडीत साबुदाण्याची गाठोडी, रॉकेलचे डबे, दोन म्हाताऱ्या बायका. अंग रापलेलं, केस वाढलेले.

"कोण, सार्जंट?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "इकडे कुठे वाट चुकलात?"

म्हाताऱ्या हसल्या. त्यातली एक म्हणाली, "वाट चुकायचं काम याचं. आकाशात चुकला म्हणून समुद्रावर आला." हा विनोद रोजचा असावा; पोमातही थोडं हसला.

गेडिसा गुडघाभर पाण्यात उतरला. त्यानं होडीची कड धरली. इतकी वर्षं तो कानातल्या आवाजाशी बोलत आला होता, आज पहिल्यांदा तोंडाकडे बघून बोलायचं होतं.

"कॅप्टन, त्या दिवशी तुम्ही तीनदा विचारलंत. मी सांगितलं नाही. ते माझ्या सासऱ्याचं नाव आहे आणि मेव्हणा समोर बसला होता. आता त्यांनीच मला मोकळीक दिली आहे, म्हणून सांगायला आलो. ओक बिसाम. ती नदी ओक बिसाम. बिसाम माझे सासरे."

सासऱ्याचं नाव असं उघड्यावर घेतलेलं त्या म्हाताऱ्यांनीही ऐकलं नसावं. एकीनं तोंडावर हात ठेवला.

पोमातनं डब्यातलं रॉकेल हलवून पाहिलं, झाकण घट्ट केलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. तिकडच्या चौकीत तुम्ही झोपला होतात तेव्हा तुमच्या मेव्हण्यानं सांगितलं. अभिमानानं सांगत होता. सार्जंट, आमच्या बेटावरही सासऱ्याचं नाव घेत नाहीत. माझ्या बापानं कधी घेतलं नाही. मला आधी माहीत असतं तर मी विचारलंच नसतं, दुसरं काहीतरी करून घेतलं असतं. त्या दिवसाचं मी तुम्हाला काही म्हणत नाही."

त्यानं दोरी सोडली आणि हातावर गुंडाळत राहिला.

"चौकशीच्या खोलीत मी तुमच्याकडे बघत होतो. तुमचं तुम्ही सांगाल म्हणून मी थांबलो होतो. तिथे तर तुमच्या सासरचं कोणी नव्हतं."

एवढा समुद्र ओलांडून गेडिसानं जे आणलं होतं ते पोमातला कधी नकोच होतं. आणि जे हवं होतं ते द्यायची खोली, टेबल, शंख, सगळं मागे राहून गेलं होतं.

"बसा," पोमात म्हणाला. "आईला सांगतो मासे टाकायला. पाहुणे आहात. दुपारनंतर समुद्र उठतो."

गेडिसा होडीत चढला आणि त्याच्याकडे पाठ करून पुढच्या टोकाला बसला. म्हाताऱ्यांनी त्याला सुपारी दिली, चुना दिला. मोटर सुरू झाली. खडकांची रांग आली, प्रवाह आले, तीन बेटांमधल्या वाटा आल्या. कुठलं पाणी धरायचं ते मागे बसलेल्या पोमातला ठाऊक होतं, आणि सगळ्या प्रवासात त्यानं गेडिसाला एकदाही काही विचारलं नाही.